गायकवाड सरांकडचं पाणी

गायकवाड सर कुणाच्याही घरी गेले की समोर आलेलं पाणी लगेच पीत नाहीत. ग्लास उचलून आधी खिडकीपाशी नेतात, एक डोळा मिटून उजेडात धरतात, सावकाश फिरवतात, मग नाकाशी नेऊन हुंगतात आणि त्यानंतरच एका दमात रिकामा करतात. ग्लास खाली ठेवला की निकाल येतो. "लोखंड आहे." किंवा, "टाकीचं झाकण उघडं राहतंय तुमच्या." आणि यजमानांचं नशीब जोरावर असेल तर, "ठीक." याहून मोठी शाबासकी सरांच्या तोंडून मी अजून ऐकलेली नाही.

या सवयीला प्रसंगाचं भान नाही. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा सर समाचाराला गेले होते. घरात सगळे खाली मान घालून बसलेले. सुनेने पाणी आणलं तर सर ग्लास घेऊन उठले आणि थेट बाल्कनीत गेले. परत येऊन त्यांनी आजोबांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "फार वाईट झालं. तुरटी फिरवत जा." त्या मुलाला हसावं की रडावं कळेना. तो हो म्हणाला.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन राहायला आल्यावर, ओळख करून घ्यायला. माझ्या सासूबाई, ज्यांना सगळी बिल्डिंग माई म्हणते, त्यांनी तांब्या-भांडं पुढे केलं. सरांनी भांड्यातलं पाणी बघितलं आणि विचारलं, "माई, कळशीत रात्रभर ठेवलं की वर पिवळट साय धरते का?" माईंचा चेहरा पडला. साय धरत होती. बोअरच्या पाण्यातलं लोखंड हवेला लागून वर येतं, हे सरांनी त्यांना समजावून सांगितलं. माईंना समजलं एवढंच की नवा शेजारी आल्या आल्या आपल्या पाण्यात खोट काढून गेला. त्या राजापूरकडच्या. विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या. त्यांच्या पाण्याला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

सर विठ्ठलवाडीच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले आणि त्यांनी टिटवाळ्याला आमच्या या नव्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं. नवी म्हणजे ब्रोशरमध्ये नवी. लिफ्टला आरसा आहे, गेटवर कारंजं आहे, आणि नळाला पाणी येतं ते थोडं पाइपलाइनचं, थोडं बोअरचं आणि उरलेलं टँकरचं, सगळं एकाच जमिनीखालच्या टाकीत कालवलेलं. कारंज्याला मात्र कधी पाणी आलं नाही. सर म्हणतात, तेवढं एक शुद्ध आहे.

त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर भाजी चिरायला जागा नाही. एका कडेला तुरटीचं पिंप, त्याला लागून कँडलचा जुना स्टीलचा फिल्टर, भिंतीवर मशीन, आणि खिडकीत वाळू, खडी, कोळसा थराथराने भरलेली एक काचेची बरणी. ती बरणी नुसती दाखवायला. कुणी दारात उभं राहिलं की सर वरून गढूळ पाणी ओततात आणि खालून नितळ थेंब पडायला लागले की त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत राहतात. कुरिअरवाल्यांनी हा प्रयोग इतक्यांदा बघितलाय की ते आता पार्सल दारात ठेवून पळ काढतात.

"अशुद्धीतसुद्धा प्रामाणिक आणि लबाड असा भेद असतो, ताई," सर मला सांगतात. "गाळ, गंज, शेवाळ ही साधी मंडळी. दिसतात. रात्रभर ठेवलं की तळाशी बसतात. जंतू दिसत नाहीत, पण उकळलं की मरतात, म्हणजे त्यांच्यावर इलाज आहे. खरी लबाड ती विरघळलेली. क्षार म्हणा, नायट्रेट म्हणा, शिसं म्हणा. पाणी बघावं तर काचेसारखं. वास नाही, रंग नाही. उकळलंत तर वाफ जाते आणि ती मागे आणखी दाट होऊन राहते. तिला फार बारीक चाळणी लागते."

मग ते बिल्डिंगमधल्या माणसांची याच हिशेबाने वर्गवारी करतात. तळमजल्यावरचा भांडखोर दुकानदार हा गाळ. "बसेल तळाशी, थोडा वेळ द्या." आमचे चेअरमन विरघळलेले. मी एकदा विचारलं, आमच्या माई कशात बसतात. सरांनी बरणीत उगाच थोडं पाणी ओतलं. म्हणाले, "घरच्या माणसांची तपासणी आपण करत नाही."

आता जे सांगायचंय ते सांगते. मला ते सांगताना अजून राग येतो, आणि तो लपवायची माझी इच्छा नाही.

सर राहायला आले तेव्हा बिल्डिंगमध्ये चौकशी सुरू झाली. "गायकवाड म्हणजे कुठले? बडोद्याचे का?" असं चेअरमनांनी लिफ्टमध्ये अगदी गोड आवाजात विचारलं. सर म्हणाले, "नाही, विठ्ठलवाडीचे." तेवढ्याने भागलं नाही. मग एक दिवस सरांचं दार उघडं होतं आणि समोरच्या भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो आणि शेजारच्या कोनाड्यातली बुद्धाची मूर्ती जिन्यावरून दिसली. चौकशी थांबली. आणि त्या दिवसापासून आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांचे घसे बसायला लागले.

म्हणजे असं, की सरांकडे माणसं येत होतीच. मुलांना केमिस्ट्री शिकवा म्हणायला येत, पाण्यातले क्षार मोजायचा मीटर घेऊन हा आकडा चांगला की वाईट विचारायला येत. सर आत जाऊन पाणी आणत आणि तेवढ्यात पाहुण्याला काहीतरी होई. "आत्ताच पिऊन निघालो, सर." "गार चालत नाही मला." "खोकला आहे." कुणी कधी वावगं बोललं नाही. आजकाल कुणी बोलत नाही, नुसती तहान लागत नाही.

सर शिक्षक. त्यांनी प्रत्येक सबब ही शंका समजून तिचं निरसन करायला घेतलं. गार चालत नाही म्हणता, मग एक भांडं कोमट ठेवलं. खोकला आहे, तर उकळून गार केलेलं निराळं. चव लागत नाही म्हणणाऱ्यासाठी माठातलं, त्यात वाळा. माईंनी एकदा दारातूनच सांगितलं, "आज माझी चतुर्थी." सर म्हणाले, "उपासाला पाणी चालतं ना, माई?" माई म्हणाल्या, "निर्जळी." त्यानंतर माईंना इतक्या निर्जळ्या पडायला लागल्या की खुद्द टिटवाळ्याच्या गणपतीनेही हात जोडले असते. घरी येऊन त्या तांब्याभर पाणी प्यायच्या. मी त्यावरून घरात भांडले. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, तिचं वय झालंय." चेअरमन चाळिशीचे आहेत, त्यांचं काय झालंय ते त्याने सांगितलं नाही.

मी सरांकडे पाणी पिते, पहिल्या आठवड्यापासून. पण ते धरायचं नाही. "तुम्ही घरच्या," असं म्हणून सर मला रोजच्या स्टीलच्या भांड्यात देतात. पाहुण्यांचे ग्लास निराळे आहेत. काचेच्या कपाटात सोनेरी काठाचा डझनभर ग्लासांचा सेट, प्रत्येकाच्या पोटावर कंपनीचा स्टिकर जसाच्या तसा. मी एकदा सहज म्हटलं, "सर, स्टिकर काढा की, किती घाण दिसतं." तेव्हा कळलं.

"शोभाने आणले ते," सर म्हणाले. शोभाताई म्हणजे त्यांची बायको, मी त्यांना जेमतेम दोन वर्षं बघितलं. "विठ्ठलवाडीला आमच्या चाळीत कुणाच्या घरचा तांब्या कुणाच्या हातात असायचा, पत्ता नसे. इथे यायचं ठरलं तर तिला एकच काळजी, शेजार कसा मिळेल. म्हणून हे घेतले. घरभरणीला सगळ्यांना बोलावलं. सगळे दारापर्यंत आले, लाडवाचे बॉक्स घेऊन गेले. बसलं कुणी नाही. मी स्टिकर सोलायला घेतले तर म्हणाली, राहू द्या. कुणी पाणी प्यायला बसलं की काढू." एवढं बोलून सर मला बोअरच्या पाण्यातला कठीणपणा समजावून सांगायला लागले.

शोभाताई गेल्यावर मुलीने फार आग्रह केला. ती बाळकुमला राहते, मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये. आठवड्याला फोन करते, बाबा इकडे या. सर तिला सांगतात, "इथलं पाणी अजून नीट झालेलं नाही." तिला वाटतं बाबांना फिल्टरचं वेड लागलंय.

सरांच्या ज्ञानाला मात्र बिल्डिंगमध्ये कधी कुणाची हरकत नव्हती. एकदा सोसायटीच्या हॉलमध्ये मशीन विकणारा एक टाय लावलेला माणूस आला. त्याने आमच्या टाकीच्या पाण्यात दोन कांड्या घालून बटण दाबलं, आणि बघता बघता पाणी चहासारखं तांबडं. बायकांनी तोंडावर पदर घेतले. मग त्याने स्वतःच्या मशीनच्या पाण्यात कांड्या घातल्या, तर ते नितळच. "देखा आपने? हे तुम्ही मुलांना पाजता," असं तो म्हणाला. सर मागच्या रांगेतून उठले. नाश्त्याच्या पोह्यांबरोबर आणलेल्या मिठातली चिमूट त्यांनी त्याच्या शुद्ध पाण्यात टाकली आणि म्हणाले, "आता घाला." तेही तांबडं झालं. "हा गंज तुमच्या कांडीचा आहे. पाण्यात क्षार असला की वीज वाहते आणि कांडी झिजते. लोकांना भीती विकू नका, मशीन विका." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. चेअरमनांनी सरांना मिठी मारली. आणि त्याच संध्याकाळी निम्म्या बिल्डिंगने ते मशीन घेतलं, कारण त्याला निळा दिवा होता.

पुढे गेल्या वर्षीची गोष्ट. एका सकाळी सरांनी बेल वाजवली. "ताई, आजपासून उकळल्याशिवाय कुणाला पाणी देऊ नका. टाकीत ड्रेनेज येतंय." जमिनीखालच्या टाकीला खेटूनच बिल्डरने ड्रेनेजचा चेंबर बांधला होता. सर आल्यापासून सांगत होते की मधली भिंत कधीतरी दगा देईल. ते तसेच चेअरमनांकडे गेले. मी बरोबर होते.

"सर, तुम्हाला काय, सगळ्यातच वास येतो," चेअरमन हसले. "मी सकाळीच दोन ग्लास पिऊन आलेलो जिमवरून. मला झालं का काय? आणि मीटर लावून बघितला आपण, रीडिंग मस्त आहे एकदम."

"मीटर क्षार मोजतो, जंतू नाही," सर म्हणाले. "आणि काविळीला घाई नसते. महिनाभरसुद्धा थांबते."

ती थांबली आणि आली. आधी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांना जुलाब झाले, मग एकेकाचे डोळे पिवळे व्हायला लागले. चेअरमनांचेही झाले. माईंना मी उकळलेलं पाणी देत होते, पण उकळलेलं पाणी मेलेलं असतं असा त्यांचा सिद्धांत, त्यामुळे माझी पाठ वळली की त्या थेट नळाला भांडं लावत. त्यांना कल्याणच्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी या वयात कावीळ म्हणजे काय ते मला बाहेर नेऊन सांगितलं. मी पॅसेजमध्ये भिंतीला टेकून रडले.

टाकी उपसून भिंत दुरुस्त व्हायला वेळ लागणार होता. तोवर प्रयोगशाळेतून माणूस येऊन काही घरांतले नमुने घेऊन गेला. निळ्या दिव्याची मशीनं घेतलेल्यांनी वर्षानुवर्षं कँडल बदलल्या नव्हत्या, त्यांचेही नमुने नापास. रिपोर्ट नोटीस बोर्डावर लागला आणि त्यात 'पिण्यास योग्य' हा शेरा एकाच फ्लॅटसमोर होता. चौथा मजला, गायकवाड.

त्या दिवशी मी हॉस्पिटलातून कपडे न्यायला आले तर सरांचं दार सताड उघडं होतं. ओट्यावर सोनेरी काठाचे ग्लास मांडलेले. सर कोमट पाण्यात बुडवून एकेकाचा स्टिकर नखाने सोलत होते. "आता येतील," ते मला म्हणाले. "घरात लहान मुलं आहेत लोकांच्या. आता यावंच लागेल." इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी कमिटी आली. दारातच उभी राहिली. चेअरमन काविळीने अर्धे झालेले, तरी तेच बोलले. "सर, ग्रेट काम आहे तुमचं. पण काय होईल, सगळे तुमच्या घरी येणार, गर्दी होणार, तुम्हाला त्रास. त्यापेक्षा आपण हे मशीन, पिंप वगैरे खाली ऑफिसात लावू या ना? सगळ्यांना सोयीचं."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग ओट्यावरच्या ग्लासांकडे. "त्रास मला काहीच नाही," ते म्हणाले.

"नाही नाही सर, तरी."

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः मशीन उतरवलं, स्वतः खाली लावलं. तेच मशीन, तीच तुरटी, पाणी त्याच टाकीचं आणि राबणारे हात सरांचेच. पण ऑफिसच्या दारात रांग लागली. लोक घरून भांडी आणायला विसरले होते तर वॉचमनच्या प्लॅस्टिकच्या मगने तिथेच उभं राहून घटाघटा प्यायले. कुणाचा घसा बसला नाही, कुणाला खोकला आला नाही. सर एका बाजूला स्टुलावर बसून कँडल घासत होते. मला बघून हळूच म्हणाले, "चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणलं की पाण्यातली उरलीसुरली अशुद्धी जाते, ताई. इतकी वर्षं शिकवलं, पण हे आमच्या पुस्तकात नव्हतं." मला त्या रांगेतल्या एकेकाच्या हातातला मग काढून घ्यावासा वाटला. मी काही केलं नाही, पिशवी भरून हॉस्पिटलला गेले.

माई वाचल्या. घरी आल्यावर पंधरा दिवसांनी एका दुपारी त्या स्वतःहून म्हणाल्या, "चल गो, सरांकडे जाऊन येऊ. त्या माणसाने बिल्डिंगसाठी एवढं केलं." त्यांनी नाचणीचे लाडू वळले होते, डबा हातात घेतला. इतक्या वर्षांत माई तो पॅसेज ओलांडून कधी आत गेल्या नव्हत्या. मला आतून भरून आलं. वाटलं, एवढं मरण बघून आल्यावर माणूस बदलतो.

सरांनी दार उघडलं आणि माईंना बघून त्यांची एकच धांदल उडाली. त्यांनी खुर्ची पुसली, पंखा लावला, मग माईंना वारा लागेल म्हणून बंद केला. माई त्या फोटोखालच्या खुर्चीत बसल्या, आजारपणाचं सांगितलं, डबा पुढे केला. जगातली प्रत्येक वस्तू उजेडात धरणाऱ्या त्या माणसाने लाडू नुसता उचलला आणि तोंडात घातला. "छान झालाय," म्हणाले. मग आत गेले आणि ट्रे घेऊन आले. त्यात सोनेरी काठाचे दोन ग्लास. स्टिकरची खूणसुद्धा राहिलेली नव्हती.

माईंनी ग्लासाकडे बघितलं. "गार आहे का हो?"

"कोमट आहे, माई. तुमच्यासाठीच केलंय. उकळून, गाळून."

माईंनी हात पुढे केला, आणि तो ग्लासापर्यंत न जाता पदराकडे गेला. "आता नको हो, सर. आत्ताच औषध घेतलंय. त्यावर पाणी चालत नाही."

सरांकडे याचं उत्तर होतं. कुठल्या औषधावर पाणी चालत नाही, हे त्यांनी एरवी अर्धा तास विचारलं असतं. ते म्हणाले, "बरं."

माई उठल्या तसे सर लगबगीने आत गेले आणि एक बाटली भरून आणली. "ही घरी न्या. तुमच्याच तांब्यात ओता, तुमच्याच भांड्याने प्या. पण प्या. काविळीनंतर पाणी कमी पडता कामा नये." माईंनी बाटली घेतली. त्यांची मान खाली होती. त्या गेल्या.

मी माझ्या वाट्याचा ग्लास उचलून पिऊन टाकला. समोर आमचं दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातून पाणी ओतल्याचा आवाज आला, मग भांडं ठेवल्याचा, आणि मग माईंचा, बाल्कनीत बसलेल्या माझ्या नवऱ्याला सांगितलेला: "गोड आहे रे पाणी सरांचं. जरा बघ पिऊन."

सरांचा चेहरा एकदम उजळला. "ऐकलंत? गोड म्हणाल्या." शोभाताईंच्या फोटोकडे त्यांची नजर गेली आणि परत आली.

मग त्यांनी ट्रेमधला माईंचा भरलेला ग्लास उचलला, खिडकीपाशी नेला, आणि एक डोळा मिटून उजेडात धरला. सावकाश फिरवला, वरून बघितला, तळाकडून बघितला. मला राहवेना.

"सर, काही नाही हो त्यात."

"तेच तर," सर ग्लासावरची नजर न काढता म्हणाले. "मीही इतकी वर्षं बघतोय. सापडत नाही."